तीन बटणं आणि उजवी बाही

पोलिसांचा कोणताही दोष आढळला नाही, मयताच्या बहिणीने समाधान व्यक्त केलं, उपस्थितांनी टाळ्या वाजवल्या आणि चहापानानंतर जाहीर सुनावणी खेळीमेळीच्या वातावरणात संपली. हे सगळं बुधवारी झालं. सुनावणी गुरुवारी होती. तेव्हा असं काही झालंच नाही, असं धरून आपण पुढे जाऊ. कार्यालयानेही तसंच धरलं होतं.

त्या कार्यालयात इतिवृत्त आधी लिहायची पद्धत होती. बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल, पण त्यामागे वर्षानुवर्षांचा अनुभव होता. सभा झाल्यावर इतिवृत्त लिहायला बसलं की कोण काय बोललं ते आठवावं लागतं, आणि आठवलं की लिहावं लागतं. आधीच लिहून ठेवलं की दोन्ही त्रास वाचतात. साहेबही आदल्या दिवशीच सही करून मोकळे होत, कारण सभेनंतर त्यांचं डोकं दुखे. म्हणून टेबलावर दोन ट्रे होते. एकावर चिठ्ठी होती, 'सही झालेले'. दुसऱ्यावर, 'सही झालेले पण अजून न घडलेले'. पहिल्या ट्रेमधला कागद शिपाईमामा उचलायचे आणि बाहेरच्या फलकावर लावायचे. दुसऱ्यातला कागद घडेपर्यंत तिथेच पडून राहायचा.

इतिवृत्त लिहिणाऱ्या कारकुनाला सगळे 'मागीलप्रमाणे' म्हणत. कुठलंही काम दिलं की तो आधीची फाइल काढायचा, तारीख बदलायचा आणि मजकूर मागीलप्रमाणे ठेवायचा. चहा कसा हवा विचारलं तरी तेच उत्तर. सहा वर्षं तो कंत्राटी होता. त्याला कायम करण्याची ऑर्डर टाइप होऊन साहेबांच्या टेबलावर काचेच्या पेपरवेटखाली सहीसाठी थांबली होती, आणि थांबून थांबून तिला पेपरवेटचा गोल वळ उठला होता. रोज दुपारी त्याच्या आईचा फोन येई.

"आली का रे ऑर्डर?"

"पेपरवेटखाली आहे, आई."

"मग पेपरवेट उचल की मेल्या. हात मोडलेत का?"

आता सुनावणी कशाची, तर तीन आठवड्यांपूर्वी पोलीस चौकीत एक माणूस मेला होता. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. सोमवारी दुपारी चार वाजता एका चोरीला गेलेल्या स्कूटरबद्दल विचारपूस करायला त्याला चौकीत नेलं, आणि सात वाजता तो बाकावरून पडून मेला, असं चौकीने कळवलं. स्कूटर त्याच आठवड्यात बुधवारी सापडली. मालकाचा जावई घेऊन गेला होता आणि सांगायला विसरला होता. जावईच तो, त्याला विचारणार कोण? त्याची विचारपूस झाली नाही. मग मोर्चा निघाला, दोन वर्तमानपत्रांनी अग्रलेख लिहिले, तिसऱ्याने त्या दोघांविरुद्ध लिहिला, आणि शेवटी वरून आदेश आला की जनतेचं म्हणणं ऐकून घ्यावं. ऐकून घ्यावं, एवढंच आदेशात होतं. त्यावरून चौकशी करायची की नाही, ते वरचे लोक इतिवृत्त वाचून ठरवणार होते. इतिवृत्तात नसलेली गोष्ट वर पोचण्याची दुसरी वाट नव्हती.

मागीलप्रमाणेने मागील फाइल काढली. मागची जाहीर सुनावणी रस्त्यावरच्या दिव्यांबद्दल होती. त्याने कॉम्प्युटरला आज्ञा दिली की 'दिवा' असेल तिथे 'इसम' घाल. 'दिवे' आणि 'दिव्या' ही रूपंही बदलली, कारण कामात तो चोख होता. त्यामुळे ठराव क्रमांक चार असा झाला : बंद पडलेला इसम सात दिवसांच्या आत बदलून देण्यात येईल. ठराव क्रमांक पाच : इसमाला हात लावण्यापूर्वी कर्मचाऱ्यांनी रबरी हातमोजे घालावेत. साहेबांनी न वाचता सही केली. तेही कामात चोख होते.

आणि बुधवारी संध्याकाळी नेमका आईचा फोन आला. एका हातात फोन, एका हातात कागद, तिकडून "अरे, पेपरवेट", इकडून "अगं हो", आणि कागद पहिल्या ट्रेमध्ये गेला.

गुरुवारी सकाळी तो कार्यालयात आला तेव्हा फलकापुढे चाळीसएक माणसं उभी होती. आपण आज काय बोलणार आहोत ते वाचत होती.

"मी खरंच इतकं छान बोललो?" निवृत्त हेडमास्तर चष्मा पुसत विचारत होते. "फक्त 'पोलिसांमुळेच आपण सुखाने झोपतो' हे वाक्य दोनदा आलंय. मी एकदाच म्हणेन."

"माझं नाव हजर लोकांत आहे," औषधाच्या दुकानाचे मालक म्हणाले. "मी आज परगावी चाललो होतो. बॅग गाडीत आहे. आता हजर होतो म्हटल्यावर जाणार कसा?"

"आणि हे हातमोज्यांचं कोणी मांडलं? चांगला ठराव आहे. हातमोजे असते तर एवढं लागलंही नसतं त्याला."

"अहो, लागलं कुठे? पडला तो."

"मग पडताना हातमोजे नव्हते, असं म्हणा."

मागीलप्रमाणे गर्दीतून वाट काढत फलकापाशी पोचला, तर फलकाला कुलूप आणि किल्ली शिपाईमामांकडे.

"मामा, काढा तो कागद!"

"लावायचा हुकूम असतो मला, काढायचा नसतो," मामा म्हणाले. "काढायला वेगळा अर्ज लागतो."

तेवढ्यात साहेबांनी बोलावलं. साहेब शांत होते. त्यांची शांतता अशी होती की त्यापेक्षा शिव्या परवडल्या.

"सही माझी आहे," ते म्हणाले. "शिक्का आपला आहे. म्हणजे इतिवृत्त चूक असू शकत नाही. बरोबर?"

"बरोबर, साहेब."

"मग चूक व्हायची शक्यता कुठे उरते?"

"सुनावणीत, साहेब."

"शाबास. तर सुनावणी इतिवृत्ताबरहुकूम झाली पाहिजे. ओळीला ओळ. तू शेजारी बसायचं, आणि कोणी अडखळला तर हळूच सांगायचं." मग त्यांनी पेपरवेट किंचित उचललं, खालच्या कागदाकडे पाहिलं आणि पुन्हा ठेवलं. "संध्याकाळी सह्या करायला बसणार आहे मी."

अकरा वाजता सभागृह भरलं. डावीकडे 'जबाब द्या' म्हणणारे बसले, उजवीकडे 'पोलिसांच्या पाठीशी' म्हणणारे, आणि मधे पंख्याखाली ज्यांना पंखा हवा होता ते. व्यासपीठावर साहेब, त्यांच्या एका बाजूला चौकीचे फौजदार, दुसऱ्या बाजूला मागीलप्रमाणे. फौजदारांचा गणवेश कडक इस्त्रीचा होता. त्यांच्या मागे हवालदार उभा होता, कारण खुर्ची एकच होती.

पहिला पाऊण तास दृष्ट लागण्यासारखा गेला. साहेबांनी प्रास्ताविक केलं, इतिवृत्तात लिहिलं होतं तेवढंच. हेडमास्तर हातात कागद धरून आपलंच भाषण वाचू लागले, आणि मधे थांबून म्हणाले, "इथे 'परंतु' ऐवजी 'तथापि' हवं होतं, मी असं बोलत नसतो." डावीकडचा एक पोरगेला वकील ताडकन उठला.

"हा काय पोरखेळ चाललाय? चौकीत माणूस मरतो आणि तुम्ही आदल्या दिवशी निकाल चिकटवता? पोलिसांना जाब विचारायचा की नाही?"

"विचारलात तुम्ही," मागीलप्रमाणेने इतिवृत्ताच्या आपल्या प्रतीवर बोट ठेवलं. "मुद्दा तीन. 'काही सदस्यांनी तीव्र भावना व्यक्त केल्या.' झाल्या व्यक्त."

"मी अजून सुरुवातही केली नाही!"

"त्याला अध्यक्षांनी उत्तरही दिलंय. मुद्दा चार."

"चोरांचा एवढा पुळका असेल तर घरी न्या त्यांना!" उजवीकडून कोणीतरी ओरडलं.

"चोर? स्कूटर जावयाकडे होती!"

"मग जावयाला धरा. आम्ही नाही म्हटलं का?"

"धरू दिलाय कधी कुणी जावई?" पंख्याखालच्यांपैकी एकजण म्हणाला, आणि तिन्ही बाजू हसल्या. हे मात्र इतिवृत्तात नव्हतं. मागीलप्रमाणेने ते चहापानानंतरच्या खेळीमेळीत धरलं.

मग मुद्दा सात आला. मयताच्या भगिनीने समाधान व्यक्त करून प्रशासनाचे आभार मानले.

मयताची बहीण, जिला सगळे ताई म्हणत, तिसऱ्या रांगेतून उठली. ती शिंपीण होती. चौकीसमोरच्या गल्लीत तिचं दुकान होतं आणि अर्ध्या चौकीचे गणवेश तिच्या मशीनखालून जात. गळ्यात टेप होती. दुकानातून सरळ आली होती, ती काढायची राहिली असावी, असं मागीलप्रमाणेला वाटलं.

"आभार मानते," ती म्हणाली. "तुम्ही लिहिलंय ते खोडू नका, कागद खराब होईल. माझी फक्त एक भर घाला."

"हो, हो," साहेब म्हणाले. "भावना आम्ही समजू शकतो."

"भावना नाही. माप आहे." तिने टेप हातात घेतली. "भावाला आणायला गेले तेव्हा त्या बाकावर मला दोन तास बसवलं होतं. बसल्या बसल्या मोजलं. जमिनीपासून साडेसतरा इंच. माझा भाऊ पाच फूट नऊ इंच. लिफ्टच्या डोक्यावर चढून काम करायचा, दहाव्या मजल्यावर. तो साडेसतरा इंचांवरून पडून मेला."

फौजदार छताकडे पाहू लागले. छत चांगलं होतं.

"बरं," ती पुढे म्हणाली, "हेही एक वेळ सोडा. पडायचं तर माणूस उंबऱ्यावरही पडतो. पण दुसरं असं, की माझ्या दुकानात एक नियम आहे. गिऱ्हाइकाने काम स्वतःच्या हाताने चिठ्ठीवर लिहायचं. तारीख, वेळ, काय फाटलंय, काय हवंय. नंतर 'मी असं सांगितलंच नव्हतं' नको. ती चिठ्ठी कपड्याला टाचून राहते, कपडा गेला की माझ्याकडे राहते." तिने ब्लाउजच्या बाहीतून चौकोनी कागद काढला. "मंगळवार, सकाळी नऊ. 'फौजदारसाहेबांचा शर्ट. तीन बटणं, उजवी बाही. अर्जंट.' अक्षर या हवालदारभाऊंचं आहे."

हवालदाराने आपल्या हाताकडे असं पाहिलं, जसं काही तो दुसऱ्याचा आहे.

"मंगळवार सकाळ म्हणजे..." वकील बोलू लागला.

"सोमवारच्या दुसऱ्या दिवशीची," हेडमास्तर म्हणाले. सवय होती त्यांना.

"मला भावाचं कळवलं बारा वाजता," ताई म्हणाली. "नऊ वाजता मला वाटत होतं तो परगावी लिफ्ट बघायला गेलाय. मी अर्जंट म्हणून आधी तेच काम घेतलं. अकराला शर्ट गेला."

"बटणं कुणाचीही तुटतात," फौजदार पहिल्यांदा बोलले. आवाज मऊ होता. "वय झालं, पोट वाढलं, तुटतात."

"वाढलंय खरं," ताई म्हणाली. "गेल्या वर्षी छत्तीस होतात, आता एकोणचाळीस. पण साहेब, पोटाने चौथं आणि पाचवं बटण तुटतं. तुमची वरची तीन गेली होती, दोऱ्यासकट, कापड ओढून. तिथे कोणीतरी मूठ धरल्याशिवाय जात नाहीत. आणि बाही खांद्याशी मागच्या अंगाने उसवली होती, साडेचार इंच. सही करताना तिथे उसवत नाही. हात वर नेऊन जोरात खाली आणला, परत परत आणला, की तिथे उसवतं. तीस वर्षं बाह्या लावतेय मी."

आता सगळं सभागृह फौजदारांच्या छातीकडे पाहत होतं.

"हाच तो," ताई म्हणाली. "घाईत दोरा जुळता मिळाला नाही, एक छटा गडद आहे. आणि कारखान्याचं बटण दोन सरळ टाक्यांत असतं, मी फुली घालते. वरची तीन बघा."

पुढच्या रांगेतले लोक वाकले. औषधवाले उठूनच उभे राहिले आणि म्हणाले, "फुली आहे." फौजदारांनी टोपी उचलून छातीवर धरली. श्रद्धांजलीला धरतात तशी दिसत होती, त्यामुळे मागच्या रांगेतले दोनचार जण गैरसमजाने उभे राहिले.

"हे विषयपत्रिकेत नाही," साहेब म्हणाले.

"ऐनवेळच्या विषयांत घ्या!" वकील ओरडला.

"ऐनवेळी एकही विषय आला नाही," साहेबांनी कागद वर धरला. "इथे स्पष्ट लिहिलंय. मुद्दा नऊ."

"लिहा!" डावी बाजू ओरडली.

"लिहू नका!" उजवी बाजू ओरडली, पण तिच्यातले काहीजण अजून बटणं बघत होते, त्यामुळे जोर कमी पडला.

ताईने या दोन्हीकडे लक्ष दिलं नाही. ती सरळ मागीलप्रमाणेकडे वळली.

"दादा, एकच वाक्य आहे. मी सावकाश सांगते. वर कोणीतरी वाचेल, नाहीतर नाही वाचणार, पण असू दे. घ्या. 'सोमवारी माझा भाऊ चौकीत मेला' स्वल्पविराम, 'आणि मंगळवारी सकाळी नऊ वाजता चौकीतून शर्ट आला' स्वल्पविराम, 'त्याची वरची तीन बटणं ओढून तुटलेली होती आणि उजवी बाही मागून उसवलेली होती' स्वल्पविराम, 'ती मी नीट शिवून दिली' पूर्णविराम."

मागीलप्रमाणे टायपिंगच्या परीक्षेत तीनदा बसला होता. कोणी विरामचिन्हांसकट सांगू लागलं की त्याचा हात त्याला विचारत नसे. त्याला भीती वाटेपर्यंत मुद्दा नऊ खोडलेला होता आणि समासात वाक्य उतरलेलं होतं. साहेबांनी वाकून पाहिलं. मागीलप्रमाणेनेही पाहिलं. अक्षर त्याचंच होतं. खोडायला पेन टेकवलं, आणि का कोण जाणे, पूर्णविराम नीट उमटला नव्हता तो फक्त गडद केला.

"वाचून दाखवा," ताई म्हणाली.

त्याने वाचून दाखवलं. वाचताना कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण त्या मुद्दा दहामध्ये होत्या.

संध्याकाळी साहेब ठरल्याप्रमाणे सह्या करायला बसले. त्यांनी एकच सही केली, एका परिपत्रकावर. त्या परिपत्रकात म्हटलं होतं की, फलकावर प्रसिद्ध झालेल्या इतिवृत्तानुसार जाहीर सुनावणी बुधवारीच रीतसर पार पडली आहे. सबब गुरुवारी सभागृहात जमलेला समुदाय ही सुनावणी नसून विनापरवाना जमाव होता, आणि जमावाचं इतिवृत्त नसतं. ठराव चार आणि पाच यांची अंमलबजावणी विद्युत विभागाने करावी.

म्हणजे बुधवारी जे झालं नव्हतं ते झालं, आणि गुरुवारी जे झालं ते झालं नाही. वर बुधवारचा कागद गेला. गुरुवारचा कागद, समासातल्या वाक्यासकट, मागीलप्रमाणेला परत मिळाला. त्यावर शेरा होता, 'पाठकोरा वापरावा.'

शुक्रवारी पेपरवेट जागेवर होतं. खाली काही नव्हतं.

"आली का रे?" आईने विचारलं.

"उचललं पेपरवेट," तो म्हणाला. "साहेबांनीच."

आई म्हणाली, "काय लिहिलंस असं?"

त्याने सांगितलं. "उजवी बाही ना," ती म्हणाली. "मग बरोबर लिहिलंस. जेवलास का?"

त्याला आवक खिडकीवर बसवलं. आवक खिडकीत लोक अर्ज आणून देतात, तो शिक्का मारतो, आणि अर्ज आत जातात. बाहेर येण्यासाठी जावक खिडकी आहे, पण तिथे कोणाला बसवलेलं नाही.

सोमवारी ताई आली. टेप गळ्यातच होती. त्या दिवशी दुकान अर्धा दिवस बंद होतं, कारण चौकीने गणवेश दुसरीकडे टाकायला सुरुवात केली होती आणि तिला सवड होती.

"दादा, काम चांगलं झालं, हेच वाईट झालं," ती म्हणाली. "कच्चं शिवलं असतं तर आत्तापर्यंत पुन्हा उसवलं असतं. पण मला कच्चं शिवता येत नाही. अर्ज लिहून द्याल?"

"कशाबद्दल?"

तिने सांगितलं. त्याने सवयीने कपाट उघडलं आणि मागच्या फायली चाळल्या. गटारं होती, दाखले होते, झाडांच्या फांद्या होत्या. असा अर्ज आजवर कोणी केलेला नव्हता. त्याने कपाट लावलं, एक कोरा कागद घेतला आणि विचारलं, "विरामचिन्हं सांगणार का?"

"तुमची तुम्ही घाला आता," ताई म्हणाली.

अर्ज असा होता :

'विषय : दुरुस्त केलेला शर्ट पूर्ववत करून देण्याबाबत.

महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, अर्जदार शिलाईकाम करते. चौकीकडून आलेल्या एका शर्टाची वरची तीन बटणे व उजवी बाही अर्जदाराने मंगळवारी सकाळी नऊ ते अकरा या वेळेत दुरुस्त केली. आपला भाऊ मयत असल्याची कल्पना त्या वेळी अर्जदारास नसल्याने काम चोख झाले आहे. ही चूक अर्जदारास मान्य आहे. तरी सदर शर्ट एका दिवसासाठी अर्जदाराच्या दुकानी पाठविण्यात यावा, म्हणजे लावलेली तीन बटणे काढून, व उजवी बाही मागील अंगाने होती तितकीच, साडेचार इंच, उसवून, शर्ट ज्या स्थितीत आला होता त्या स्थितीत चौकशीकामी आपणांस परत करता येईल. या कामाची मजुरी आकारली जाणार नाही. शर्ट धुऊन पाठवू नये, ही नम्र विनंती.'